नाव कमी केल्याचा दाखला

१२ जानेवारी २०२५

अहो,

पाकीट बघून दचकू नका, कुणी आजारी नाही. फोनवर मी हिमानीचं नाव काढलं की तुमच्या मोबाइलची रेंज जाते, तीही साताऱ्यात सदरबझारात भर दुपारी, म्हणून हा उद्योग. फोन ठेवून देता येतो. कागद तुम्ही फाडणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. भूमी अभिलेख कार्यालयात चौतीस वर्षं काढलेला माणूस आलेला कागद वाचतो, त्यावर आवक नंबर टाकतो आणि फायलीला लावतो. तेवढं केलंत तरी पुरे.

तर पोचले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरून गाडीने चार तास उत्तरेला. नववा लागलेली पोर एवढं अंतर बसून मला घ्यायला आली होती. पाच वर्षांनी पाहिली तिला. केस कापलेत, पायांवर सूज आहे, आणि हसली की अजून तुमच्यासारखी आधी डावी भुवई उडते. मी रडले. ती म्हणाली, "आई, रडू नकोस ना यार, सगळे बघतायत." आणि मग तीच रडली. गाडी डॅरेलने चालवली. त्याला जावई म्हटलेलं तुम्हाला खपणार नाही, तर डॅरेल म्हणते. उंच, अबोल माणूस आहे. पाणीपुरवठ्याचं काम बघतो. माझ्या दोन्ही बॅगा त्याने एका हातात धरल्या.

ही वस्ती कशी आहे ते ऐका. ही माणसं स्वतःला 'नदीच्या वळणावरची माणसं' म्हणवतात. इथले मूळचे रहिवासी, गोरे यायच्या आधीपासूनचे. त्यांच्या यादीवर एकशे एकेचाळीस नावं आहेत आणि तेवढ्यांचं स्वतःचं सरकार आहे. हसू नका. लिहिलेली घटना आहे, पाच जणांची कौन्सिल आहे, महिन्यातून एक दिवस भरणारं कोर्ट आहे आणि दोन ट्रेलर जोडून केलेलं ऑफिस आहे. राखीव जमीन एकसष्ट एकर. तुम्ही साखळी टाकून दोन दिवसांत मोजून दिली असती. अध्यक्षबाई लोरेटा म्हणून आहेत, वय त्र्याहत्तर, डॅरेलची मावशी. त्याचे आईवडील लवकर गेले, यांनीच वाढवला. मी त्यांना लोरेटाबाई म्हणते. त्या मला 'रॅटना' म्हणतात. चालायचंच.

आता कामाचं. दर वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सगळी जमात हॉलमध्ये जमते आणि वर्षभरात जन्मलेल्या मुलांची नावं यादीत चढवतात. प्रत्येक मुलासाठी चार खुर्च्या मांडतात, चार आजीआजोबांच्या. एकेकाने उभं राहून सांगायचं की मी अमक्यांचा, अमक्या गावचा, आणि हे मूल माझं. कुणी वारलं असेल तर नात्यातलं माणूस बोलतं. जिवंत असून येणं जमत नसेल तर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी वाचतात. कुठल्याही भाषेत चालतं. टाइप केलेलं चालत नाही, दुसऱ्याने लिहून दिलेलं चालत नाही.

डॅरेलच्या बाजूच्या दोन्ही खुर्च्यांसाठी लोरेटाबाई बोलतील. तिसऱ्या खुर्चीवर मी. चौथी तुमची.

यादीत नाव तुमच्याविनाही चढेल, ते डॅरेलच्या रक्ताने येतं. पण त्यांच्या मोठ्या वहीत मुलाचं एक पान असतं. चौथ्या खुर्चीवरून कुणी बोललं नाही तर त्या पानावरची तेवढी जागा कोरी राहते. तुम्हाला कोरा रकाना कधी सहन झालेला नाही. काही नसेल तर निदान 'निरंक' तरी लिहिता. हिमानीने मला हे सांगितलं आणि खिडकीकडे बघत म्हणाली, "बाबांना विचारू नकोस, आई. इट्स ओके." ते ओके नव्हतं. म्हणून विचारते आहे.

दोन ओळी, अहो. मेच्या आत.

रत्ना


९ फेब्रुवारी २०२५

अहो,

मुलगी झाली. तीन तारखेला, सोमवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. तीन किलोला थोडी कमी. जावळ भरपूर. हिमानी सुखरूप आहे.

हे मी तुम्हाला व्हॉट्सॅपवर त्याच दिवशी कळवलं होतं. दोन निळ्या खुणा आल्या. अर्ध्या तासाने तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर जास्वंदीचा फोटो आणि 'सुप्रभात' टाकलंत. तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र होती. म्हणजे घड्याळाचं भान उरलं नसणार. मी तसंच समजते, तुम्ही काहीही म्हणा.

नाव अनया ठेवलंय. बाराव्या दिवशी बारसं करणार आहे, पाळणा नाही म्हणून डॅरेलने कपडे वाळत घालायच्या टोपलीला दोऱ्या बांधून एक करून दिलाय. त्याला म्हटलं, शाबास.

परवा मात्र फजिती झाली. अंघोळीनंतर पोरीला धुरी द्यायची म्हणून मी तव्यावर निखारे घेतले, त्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकल्या. दार लावलेलं. दोन मिनिटांत छतावरचं यंत्र बोंबलायला लागलं आणि पाच मिनिटांत वस्तीची आग विझवणारी गाडी दारात. गाडीतून उतरले कोण, तर दोन कौन्सिल मेंबर आणि मागून लोरेटाबाई, पायात घरातल्या सपाता. मला वाटलं आता हाकलतात. त्यांनी नाक वर करून वास घेतला, पोरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दरवाजा उघडा ठेवायचा असतो, रॅटना." मग घरी जाऊन एक वाळलेली मुळी घेऊन आल्या. त्यांच्याकडे त्या मुळीची धुरी देतात. आता सकाळी ओवा आणि संध्याकाळी मुळी अशी वाटणी झाली आहे. पोरगी दोन्हीला शिंकते.

काल त्यांच्या कौन्सिलची सभा बघितली. म्हटलं बघावं सरकार कसं चालतं. सगळं आपल्या ग्रामसभेसारखं. एक म्हातारा पाण्याच्या पाइपावरून भांडत होता, एक बाई शेजाऱ्याने झाड तोडलं म्हणून रुसली होती, आणि ज्याला काहीच म्हणायचं नव्हतं तोच सगळ्यात जास्त बोलला. फरक एवढाच की भांडण संपल्यावर सगळे जागेवरून उठले आणि एकमेकांना वाढून जेवायला बसले. मी अळिवाचे लाडू नेले होते. त्या पाइपवाल्या म्हाताऱ्याने चार खाल्ले.

लाडू वळताना तुमची आठवण आली. हिमानीच्या वेळी माझ्या आईच्या डब्यातून चोरून खात होतात. बाळंतिणीचे लाडू खाणारा बाप मी दुसरा बघितला नाही.

दोन ओळींचं लक्षात आहे ना?

रत्ना


२ मार्च २०२५

अहो,

तीन आठवडे वाट बघितली. तुम्ही मिठाची गुळणी धरून बसलात. ठीक आहे. मला बोलायला माणूस लागतं आणि छत्तीस वर्षांत तुमच्याखेरीज दुसऱ्याशी पोटातलं बोलायची सवय मला लागली नाही.

दुपारी पोर झोपली की मी आणि लोरेटाबाई हॉलमध्ये बसतो. त्या गोधडी शिवतात, मी दोरा ओवून देते. माझं सातवीच्या भूगोलाचं इंग्रजी आणि त्यांचं सावकाश बोलणं, जमतं. तिथे भिंतीवर एक पत्र काचेत लावलंय. मला वाटलं मानपत्र असेल. जवळ जाऊन वाचलं तर तसलं काही नव्हतं.

त्यांची हकिगत अशी. नदीपलीकडे एक टेकडी आहे, तिथे त्यांचं मूळ गाव होतं आणि त्यांची पुरलेली माणसं आहेत. ती टेकडी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच गेली, आता एका द्राक्षवाल्याच्या कुंपणात आहे. माणसं उघड्यावर आली म्हणून सरकारने अलीकडचा हा तुकडा राखून दिला. आणि मग १९६१ साली, लोरेटाबाई नऊ वर्षांच्या असताना, त्यांच्या वडिलांना हे पत्र आलं. आजपासून ही जमात नाही. राखीव जमीन नाही, तुमचं सरकार नाही, सरकारदरबारी तुम्ही या नावाचे कुणी नाही. जमिनीचे तुकडे पाडून एकेकाच्या नावावर करून दिले. तुम्ही म्हणाल, नावावर झाली हे चांगलंच. त्यांनाही तसंच सांगितलं होतं. नावावर झाली तशी एकेक करून हातातून गेली.

"माझ्या वडिलांनी पत्र तीनदा वाचलं," लोरेटाबाई म्हणाल्या, "आणि आईला विचारलं, मग मी आता कोण?"

मी नुसता दोरा ओवत राहिले.

पुढे कोर्टात भांडून १९८४ साली जमातीचं नाव सरकारी यादीत परत आलं, आणि उरलेली ही एकसष्ट एकर पुन्हा राखीव झाली. पण मधली तेवीस वर्षं कागदावर काही नव्हतं. तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी यादी तोंडी धरून ठेवली. लग्न असो, मयत असो, चार माणसं जमली की एक बाई उभी राहायची आणि सगळी नावं म्हणायची, नव्याने जन्मलेल्यांसकट. चार खुर्च्या तेव्हापासूनच्या आहेत. कोर्टात पुरावा मागितला तेव्हा लोरेटाबाईंच्या आजीने उभं राहून एकशे सहा नावं सांगितली, आईबापांसह, न अडखळता. तुम्ही असतात तर उठून नमस्कार केला असतात, मला माहीत आहे.

रोज चहाच्या वेळेला त्या नदीवर जातात आणि टेकडीकडे बघत उभ्या राहतात. त्यांची पणजी तिकडे पुरलेली आहे, आणि तिला भेटायला जायला त्यांना चिठ्ठी लिहून परवानगी मागावी लागते. कौन्सिल ती टेकडी परत मिळवायच्या मागे आहे. मी विचारलं, मिळेल का? म्हणाल्या, "वाट बघण्यात आम्ही तरबेज आहोत."

त्यांच्या शेजारी उभी राहून मी तुमचा विचार करत होते. जावळी तालुक्यातल्या त्या कातकरी वाडीची मोजणी आठवते? तीन दिवस तिथेच राहिलात, वाडीतल्यांच्या हातची भाकरी खाल्लीत, आणि घरी येऊन चपला काढता काढता म्हणालात, "रत्ना, आज एक चांगलं काम झालं. ज्यांची जमीन त्यांच्या नावावर लागली." डोळे भरले होते तुमचे. मी त्या माणसाशी लग्न केलंय. मग त्याच माणसाला मुलीच्या लग्नाची बातमी कळल्यावर तोंडातून पहिलं वाक्य 'आदिवासी? आणि तोही अमेरिकेतला?' असं का यावं, हे मला आजवर कळलेलं नाही. मोजून द्यायला चालतात, घरात चालत नाहीत?

लागलं ना? लागू दे.

रत्ना


१६ मार्च २०२५

आज मायना नाही.

पोरीचे मोजे शोधायला हिमानीचा खण उघडला. खाली तुमच्या अक्षरातलं रजिस्टर्ड पाकीट. पत्ता सांता क्लाराचा, जुन्या घराचा, ती तिथल्या कंपनीत होती तेव्हाचा. मला इतका आनंद झाला. वाटलं, कधीतरी तुम्ही मला न सांगता मुलीला पत्र लिहिलंत. तिथेच जमिनीवर बसून उघडलं.

आत 'नाव कमी केल्याचा दाखला'. तहसील कार्यालय, पुरवठा शाखा. शिधापत्रिकेतून हिमानी मोरेश्वर रसाळ हिचं नाव अर्जदाराच्या विनंतीवरून कमी करण्यात आलं आहे. तारीख २ डिसेंबर २०१९. सोबत एक ओळसुद्धा नाही.

तुमच्या पुतण्याने, प्रसादने, तुम्हाला फोनवर लग्नाचा फोटो दाखवला तो २८ नोव्हेंबरला. म्हणजे चार दिवसांत. ज्या ऑफिसात गिरीजाकाकूंच्या सुनेचं नाव चढवायला सहा महिने लागले तिथे तुम्ही चार दिवसांत मुलीचं नाव खोडून, दाखला घेऊन, पोस्टाची पावती फाडलीत. मला वाटायचं, लग्न झालेल्या मुलीचं नाव रेशनकार्डातून सगळेच काढतात, तुम्हीही काढलंत. तो कागद तिला पाठवलात हे मला आज कळलं.

हिमानीला विचारलं, हे काय? तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "तुला माहीत नव्हतं? आय थॉट यू न्यू, आई. मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून पाठवलं."

पाच वर्षं. पाच वर्षं ती माझ्याशी दर रविवारी फोनवर बोलत होती, भाजी काय केली विचारत होती, आणि तिच्या मनात हे होतं की आईनेही मला कमी केलं.

हॉलमधल्या भिंतीवर एक पत्र आहे आणि या खणात एक. मला दोन्हींत काही फरक दिसत नाही. त्या सरकारला निदान ही माणसं ओळखीची नव्हती.

रत्ना


१३ एप्रिल २०२५

अहो,

मागचं पत्र रागात टाकलं. शब्द परत घेत नाही, पण महिनाभर तुमच्याशी बोलले नाही त्याचा त्रास मलाच झाला.

आता माझीही कबुली. या पाच वर्षांत मी तिला दर रविवारी खोटं सांगत आले. "बाबा विचारत होते." "बाबांनी तुझा तो फोटो बघितला." "बाबा म्हणाले, थंडीत स्वेटर घालायला सांग." तुम्ही यातलं काही म्हणाला नव्हतात. मला वाटायचं, मी दोघांना जोडून ठेवते आहे. ती ऐकून घ्यायची, "हो का" म्हणायची. खणात तो दाखला असताना. मी तिला विचारलं, मला थांबवलं का नाहीस? म्हणाली, "मला वाटलं यू वर बिइंग नाइस. आणि आई, मला ऐकायला आवडायचं. खोटं असलं तरी बाबांचं नाव तर निघायचं."

ही पोर तुमची आहे, अहो. हट्टाने आणि गप्प बसण्याने, दोन्हींनी तुमची.

तिचंही चुकलं होतं आणि ते ती मान्य करते. सदरबझारात सगळ्यांना सांगून झालं होतं की लग्न साताऱ्यात करणार, तुम्ही पत्रिकेचा मजकूरसुद्धा लिहून ठेवला होतात, आणि तुम्हाला बातमी कळली पुतण्याच्या फोनवर. तुम्हाला लागलं ते आदिवासी वगैरे नव्हे, हे लागलं, असं मला आता वाटतं. म्हणाली, "आधी फोन करायला हवा होता. मी घाबरले. नंतर सतरा वेळा केला, बाबांनी उचलला नाही." सतरा मोजलेत तिने. तुमचीच मुलगी.

इकडे वसंत आलाय. नदीला पाणी वाढलं. अनया आता माणूस ओळखते आणि हसते. हसताना आधी डावी भुवई. मी हे सांगून तुम्हाला वितळवायला बघते आहे, उघड आहे. लोरेटाबाईंना आजीच्या भाषेतले चाळीसएक शब्द येतात, ते त्या रोज तिच्या कानात सांगतात. मी अंगाई म्हणते. काल डॅरेल मला म्हणाला, "आई, बाबांना चहा कसा लागतो?" हिमानीने शिकवलेलं वाक्य, पाठ करून म्हटलं. मी सांगितलं, आलं ठेचून, साखर कमी, आणि कपात नाही, पेल्यात. त्याने खिशातून वही काढून लिहून घेतलं. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

मला तुमची फार आठवण येते. हे असं सरळ मी कधी म्हटलेलं नाही, समोर असताना तुम्ही चष्मा पुसायला घेता. इथे सगळं आहे आणि सकाळी सहाला तुमचा रेडिओ नाही. शेजारच्या उल्काशी बोलणं झालं. ती म्हणाली, काका हल्ली गॅलरीत बसून पत्रं वाचतात, वाचलेलीच परत वाचतात. आणि तिच्या मुलाला, वीरला, विचारत होते म्हणे, कॅलिफोर्नियात मे महिन्यात थंडी असते का. नसते. असली तरी तुमचा राखाडी स्वेटर मी चुकून माझ्या बॅगेत आणलाय. चुकून नव्हे, मुद्दाम आणलाय. तुमचा व्हिसा २०२९ पर्यंत आहे हेही मी बघून आले होते.

येणं जमणार नसेल तर दोन ओळी. मी तिसऱ्यांदा मागते आहे. चौथ्यांदा मागणार नाही, कारण तोवर शनिवार उलटून जाईल.

तुमची रत्ना


११ मे २०२५

अहो,

कालची हकिगत सांगते. सगळी.

शुक्रवारी दुपारी टपालवाली स्पीड पोस्टाचं पाकीट घेऊन आली. तुमचं अक्षर. हिमानी सहीला गेली ती दारातच उभी राहिली. तिने ते दोन्ही हातांत धरलं आणि मला म्हणाली, "आई, तू उघड. आय कान्ट." मागच्या वेळी असंच पाकीट होतं ना.

मी उघडलं. पत्र नव्हतं. याही वेळी एक ओळ नाही. आत एक छापील अर्ज, शिधापत्रिकेत नाव वाढवण्याचा, तुमच्या निळ्या शाईत भरलेला. मी तिथेच मोठ्याने वाचला.

अर्जदार, मोरेश्वर गणेश रसाळ. वाढवायची नावं: एक, हिमानी मोरेश्वर रसाळ, नातं मुलगी. दोन, अनया, नातं नात. तीन, डॅरेल, नातं जावई. आणि शेवटचा रकाना, नाव वाढवण्याचं कारण. त्यात तुमच्या त्या सरळ, वळणदार अक्षरात: 'यापूर्वी नाव कमी करताना अर्जदाराकडून चूक झाली.'

खाली लाल शाईत शेरा: संबंधित व्यक्ती परदेशी वास्तव्यास, अर्ज अमान्य.

छत्तीस वर्षांत तुम्ही 'माझं चुकलं' हे माझ्यासमोर एकदाही म्हणालेले नाही. भाजीत मीठ तुम्ही दुसऱ्यांदा टाकलंत तेव्हाही म्हणे मिठालाच खारटपणा जास्त होता. हिमानीने अर्ज माझ्या हातातून घेतला आणि त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. मग खाली बसली आणि लहान मुलासारखी रडली. डॅरेल घाबरून अंगणातून धावत आला. तिने त्याला त्याचं नाव दाखवलं. देवनागरी येत नाही त्याला, पण तिने बोट ठेवलं त्या अक्षरांकडे तो बराच वेळ बघत होता.

काल हॉल भरला होता. एकशे एकेचाळिसांपैकी शंभराच्या वर आले होते, कोण कोण ऑरेगनहून गाडी चालवत. चार खुर्च्या मांडल्या. लोरेटाबाई आधी एका खुर्चीसाठी बोलल्या, मग दुसरीसाठी. मग मी. मी पाठ केलेलं इंग्रजी विसरले आणि मराठीतच बोलले. मी सीता आणि विष्णुपंत यांची मुलगी, वाईची, कृष्णेकाठची, आणि हे मूल माझं. 'कृष्णा' म्हणताना मी हाताने नदी दाखवली, सगळ्यांना कळलं.

मग चौथी खुर्ची. हिमानीने तुमचा अर्ज त्या खुर्चीवर ठेवला, परत उचलला, आणि उभी राहून आधी मराठीत वाचला, मग इंग्रजीत सांगितला. रेशनकार्ड म्हणजे काय ते समजावताना जरा वेळ गेला. शेवटचा रकाना तिने सावकाश, दोनदा वाचला.

लोरेटाबाईंनी विचारलं, "लाल शाईत काय आहे?"

"रिजेक्टेड," हिमानी म्हणाली.

"पहिल्यांदा आमचाही असाच परत आला होता," लोरेटाबाई म्हणाल्या, आणि सगळा हॉल हसला. तो पाइपवाला म्हाताराही. मग त्या उठल्या, काचेतल्या त्या पत्राकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आमची नावं परत घातली. पण चूक झाली असं या सरकारने आम्हाला अजून लिहून दिलेलं नाही. तुझ्या बाबांनी दिलं." वही उघडली, आणि अनयाच्या पानावर चौथ्या जागी हिमानीकडून तुमचं नाव लिहून घेतलं. तुमच्याच लिपीत. मी जवळ जाऊन बघितलं. रकाना भरलेला आहे.

आज उल्काचा फोन आला होता. तिने सगळं सांगितलं. तुम्ही उन्हात तीन दिवस पुरवठा शाखेच्या बाकावर बसून होतात. कारकून म्हणत होता, काका, मुलगी अमेरिकेत आहे, नाव चढणार नाही, अर्ज कशाला करता? आणि तुम्ही, ज्यांना हा नियम त्या पोरापेक्षा जास्त पाठ आहे, ते त्याला म्हणालात, "ते मला माहीत आहे. तू फक्त घे आणि शेरा मारून दे."

सोबत तुमचा २०१९ चा दाखला परत पाठवते आहे. हिमानीला तो आता खणात ठेवायचा नाही. त्यावर आवक नंबर टाका आणि निकाली काढा. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने तुम्हाला काहीतरी लिहिलंय, बरंच लिहिलंय. मी वाचलेलं नाही. एवढंच दिसलं की सुरुवात 'बाबा' अशी आहे आणि शेवटच्या ओळीत विमानतळाचं नाव आहे.

डॅरेलने पेला आणलाय. स्टीलचा, कुठून मिळवला देव जाणे.

रत्ना